लसूण कोण सोलतं, ते आधी बघून या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून तुमच्या कंपनीची सात रेस्टॉरंट्स आहेत, शिवाय एका मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनचं काम आहे. त्या कंपनीने पुरवठा साखळीतल्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीबद्दल एक लांबलचक फॉर्म पाठवलाय. बालमजुरी, किमान वेतन, कीटकनाशकं, पाणी, प्लास्टिक, सगळंच त्यात विचारलंय. तुमचे मालक म्हणतात, सगळ्या सप्लायरांकडून एका पानावर सही-शिक्का घे आणि पाठवून दे. तुम्हाला ते पटत नाही, पण सुरुवात कुठून करायची हेही कळत नाही.

मी बावीस वर्षं हॉटेलच्या खरेदीत आहे. सुरुवात स्टोअरमध्ये चलनं लावण्यापासून झाली, आता एका रेस्टॉरंट कंपनीची सगळी खरेदी माझ्याकडे आहे. असाच फॉर्म माझ्याही टेबलावर येऊन गेलाय. म्हणून जे स्वतः केलं, आणि जे करताना चुकलं, तेवढंच सांगते.

फॉर्म कुठून येतो ते आधी समजून घ्या, म्हणजे त्याचं दडपण येणार नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल देणं बंधनकारक केलं. त्या अहवालात पुरवठादारांचा विषय येतो. मग कंपनी कॅन्टीनवाल्याला विचारते, कॅन्टीनवाला भाजीवाल्याला, भाजीवाला आणखी कुणाला. कागद एकेक पायरी खाली सरकत जातो आणि शेवटी अशा माणसाच्या हातात पडतो, ज्याला तो धड वाचताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. तो सही करतो, कारण नाही केली तर ऑर्डर जाईल. ती सही खरी की खोटी हा पुढचा प्रश्न. त्या सहीतून तुम्हाला काहीच कळत नाही, ही खरी अडचण.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून मांडते. आपल्याला जो रेट हवा असतो, ज्या वेळेला माल हवा असतो आणि ज्या आकाराचा हवा असतो, त्याची किंमत मागे कोण मोजतंय? सप्लायरच्या वागणुकीतला बराचसा भाग आपल्या ऑर्डरने ठरतो. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही लसणामुळे.

आमच्या बेस किचनला, म्हणजे सगळ्या शाखांच्या सामायिक किचनला, रोज सोललेला लसूण लागतो. पूर्वी आम्ही तो एका सप्लायरकडून पिशव्यांत घ्यायचो. माल चांगला, वेळेवर, रेट बाजारापेक्षा थोडा कमी. मला त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही. फॉर्ममध्ये ‘तुमच्या सप्लायरचं काम प्रत्यक्ष कुठे चालतं?’ असा एक रकाना होता, आणि लसूणवाल्याच्या नावापुढे लिहायला माझ्याकडे फक्त मोबाइल नंबर होता. मी त्याला म्हटलं, तुमचं गोडाऊन बघायला येते. तो दोन आठवडे टाळत राहिला. शेवटी म्हणाला, “ताई, गोडाऊन नाहीये. वस्तीत बायका घरी सोलतात.”

संध्याकाळी गेले. दहा बाय दहाची खोली, मधोमध परातीत भिजत घातलेला लसूण, बाजूला पोतं. तीन बायका आणि एक सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी शाळेच्या गणवेशातच होती आणि तिचा हात आईपेक्षा भरभर चालत होता. एका बाईने अंगठ्याला आणि दोन बोटांना साडीची चिंधी बांधली होती. मी विचारलं तर म्हणाली, लसणाचं पाणी नखात गेलं की रात्री झोप लागत नाही. मी त्यांच्याबरोबर बसून तासभर सोलला. तासभरात माझा पुरता किलोही झाला नाही, त्यांचा दोन किलोच्या आसपास. त्यांना किलोमागे मिळणारा पैसा त्या दोनने गुणला आणि त्याच्याशी आमच्या किचनमधल्या हेल्परचा तासाचा पगार ताडून पाहिला. तेवढं गणित पुरेसं होतं.

आणि एक गोष्ट त्या बाईने सहज सांगितली, ती मला जास्त लागली. “तुमचा निरोप रात्री अकराला येतो ना, मग पोरांनाही बसवावं लागतं. सकाळी सहाला गाडी येते.” रात्री अकराचा निरोप म्हणजे आमच्या शेफने रेस्टॉरंट बंद झाल्यावर टाकलेला इंडेंट. स्टॉक बघून मग ऑर्डर द्यायची, अशी आमची पद्धत, आणि तिच्यामुळे वेस्टेज कमी होतं म्हणून मीच ती चालू केली होती. ती मुलगी रात्री जागत होती त्याला सप्लायर जबाबदार होताच, पण आमच्या ऑर्डरची वेळही तितकीच जबाबदार होती.

कायद्याचं म्हणाल, तर १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला हॉटेल-ढाब्यांत १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच व्यवसायांत. त्या दुरुस्तीत कुटुंबाच्या स्वतःच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करायची सवलत आहे, आणि ‘घरच्या घरी आईला मदत करतात’ असं सांगून तिचाच आधार घेतला जातो. ही सवलत इथे लागते की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. माझ्या ग्रेव्हीतला लसूण त्या मुलीने रात्री जागून सोलायचा नाही, एवढं माझं ठरलं होतं.

अशा वेळी पहिली उबळ येते ती सप्लायर तोडायची. मीही दुसऱ्या दिवशी तसा मेल लिहून ठेवला होता. आमचे जुने स्टोअरकीपर, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनी एकच विचारलं: “मॅडम, आपण बंद केलं की त्या सोलायचं थांबवतील का दुसऱ्याला सोलून देतील?” मेल पाठवला नाही. त्याऐवजी चार गोष्टी केल्या. ऑर्डर आदल्या दिवशी दुपारी तीनच्या आत द्यायची, शेफ कितीही कुरकुरला तरी. रेट वाढवला, आणि वाढीचा पैसा सोलणाऱ्या बाईपर्यंत पोचतो का ते महिन्यातून एकदा तिलाच विचारायचं. सप्लायरने वस्तीजवळ एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली, काम सकाळी नऊ ते एक, मुलं शाळेत असतात त्या वेळेत. हातमोजे आम्ही दिले. पहिल्या महिन्यात ते कुणी घातले नाहीत, कारण मोजे मोठे होते आणि कामाचा वेग कमी व्हायचा. मग लहान मापाचे आणले.

या सगळ्यात चार बायकांचं काम सुटलं, हेही लिहायलाच हवं. एकीकडे अंथरुणाला खिळलेली सासू होती, बाकीच्यांची अगदी लहान मुलं. त्यांना घर सोडून शेडवर येता येईना. त्यातल्या दोघींसाठी आम्ही थोडा माल घरी द्यायला परवानगी दिली, दिवसा सोलायचा या अटीवर. बाकी दोघींचं आमच्याकडून काहीच झालं नाही. तुम्हीही काही बदलायला गेलात की कुणाचं तरी असं होणार. ते आधी विचारून ठेवा, म्हणजे निदान त्यांच्याशी बोलता येईल. आणि एखाद्या ठिकाणी मूल खरंच कोंडून, मारून किंवा पैशाच्या उचलीपोटी राबवलं जातंय असं दिसलं, तर तिथे समजावत बसू नका, सरळ १०९८ ला फोन करा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण माझं जसंच्या तसं तुम्हाला लागू होईल असं नाही. पहिली गोष्ट म्हणजे त्या सप्लायरच्या धंद्यात तुमचा वाटा किती. लसूणवाल्याचा निम्मा माल आमच्याकडे यायचा, म्हणून तो ऐकला. तेलाच्या डीलरला आम्ही असलो काय, नसलो काय, सारखंच. तिथे पत्र लिहून काही होत नाही, तिथे पर्याय शोधावा लागतो किंवा तुमच्यासारख्या आणखी चार रेस्टॉरंटवाल्यांना बरोबर घ्यावं लागतं. दुसरं, तुमचं बेस किचन आहे की प्रत्येक शाखा आपापली खरेदी करते. शाखेशाखेला खरेदी असेल तर आधी ती एकत्र आणा, नाहीतर तुम्ही एकीकडे नीट कराल आणि दुसऱ्या शाखेचा मॅनेजर दोन रुपये स्वस्त म्हणून जुन्याच माणसाकडून घेईल. तिसरं, मालक फूड कॉस्टमध्ये किती सोसायला तयार आहेत. हा आकडा आधी बोलून घ्या. तो शून्य असेल तर ऑर्डरची वेळ आणि मालाची प्रत यांत बदल करा, या बदलांना फारसा पैसा लागत नाही. रेटला मात्र हात लावता येणार नाही.

प्रतीबद्दल जरा थांबून बोलते, कारण इथे पैसे वाचवूनही भलं करता येतं आणि तरी ते कुणी करत नाही. आमच्या टोमॅटोच्या स्पेसिफिकेशनमध्ये वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं: एकसारखा आकार, लाल, टणक, डाग नको. सॅलडला ते ठीक. पण आमचा बहुतेक टोमॅटो ग्रेव्हीला जातो. उकळून, वाटून, गाळून घ्यायच्या टोमॅटोला गोल असण्याची काय गरज? या एका ओळीमुळे शेतकऱ्याच्या कॅरेटमधला बराच माल बाजूला निघायचा, आणि तो बांधावर तरी सडायचा किंवा मातीमोल भावाने जायचा. आम्ही दोन प्रती केल्या, सॅलडची आणि ग्रेव्हीची. ग्रेव्हीला वेडावाकडा, लहान, जास्त पिकलेलासुद्धा चालेल, फक्त कुजका आणि फुटलेला नको. आम्हाला स्वस्त पडला, त्यालाही चार पैसे जास्त मिळाले.

टोमॅटोचा भाव हे दुसरं दुखणं. २०२३ चं साल आठवा. मे महिन्यात भाव इतका पडला की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला, आणि जुलैत तोच किलोला शंभरच्या वर गेला. त्या जुलै-ऑगस्टमध्ये मोठमोठ्या बर्गर साखळ्यांनी काही भागांत टोमॅटो वाढणंच बंद केलं. आम्ही त्याआधीच जुन्नर तालुक्यातल्या पाच शेतकऱ्यांशी बोलणी केली होती: बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या भावाखाली घेणार नाही, आणि कितीही चढला तरी तुम्ही ठरलेल्या भावाच्या वर मागायचं नाही. मे महिन्यात आम्ही शब्द पाळला. जुलैत पाचातल्या तिघांनी पाळला, दोघांनी माल नारायणगावच्या बाजारात नेला. मला राग आला नाही असं नाही. पण कर्ज फेडायची संधी वर्षानुवर्षांत एकदा येते, ती कुणी सोडावी असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पुढच्या हंगामात वरची मर्यादा सैल केली: बाजारभाव त्या मर्यादेच्या वर गेला तर वरच्या फरकातला निम्मा त्याला द्यायचा. तेव्हापासून पाचही जण टिकून आहेत.

थेट शेतकऱ्याकडून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. राज्याने २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तरीही सगळंच थेट घ्या असं मी म्हणणार नाही. आडत्या शेतकऱ्याचा सगळा माल घेतो, लहान-मोठा सगळा, आणि अडीनडीला उचलही देतो. आपण फक्त निवडक घेतो. तो जे करतो ते करायची आपली तयारी नसेल, तर त्याची जागा घ्यायला जाऊ नये. भाजीसाठी आम्ही आडत्या ठेवलाय, पण त्याला सांगून ठेवलंय की ज्या पाच-सहा भाज्या आम्ही सर्वात जास्त घेतो, त्यांच्या शेतकऱ्याचं नाव-गाव आणि त्याला दिलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आम्हाला दाखवायची. पट्टी पाहिली की हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात काय पडलं ते कळतं. पहिल्यांदा आडत्याने नाराजीने दाखवली. आता तोच अभिमानाने दाखवतो.

फवारणीचा माग हवा असेल तर द्राक्षाकडे बघा. युरोपला जाणाऱ्या प्रत्येक द्राक्षबागेची नोंद शेतीमालाची निर्यात पाहणाऱ्या सरकारी ‘अपेडा’च्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीत असते, औषधाच्या अंशाची तपासणी होते, खोका कुठल्या प्लॉटचा ते सापडतं. तरीसुद्धा २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून माल अडकला आणि नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना जबर फटका बसला. तिथून सगळ्यांनी धडा घेतला. आपल्याच जिल्ह्यातला शेतकरी परदेशच्या गिऱ्हाइकासाठी फवारणीची वही ठेवतो, आणि आपल्या सॅलडमधल्या काकडीवर काल काय मारलं होतं ते आपण विचारतही नाही. विचारा. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना अशा नोंदींची सवय आहे. एकट्या-दुकट्या शेतकऱ्याकडे मात्र साधी वही पुरे: औषधाचं नाव, तारीख, आणि तोडणी कधी. औषधाच्या लेबलवर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, ते वहीशी ताडून बघायचं.

मासे तुमच्या मेनूवर आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्याविषयी. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, पापलेटचा १३५ मिलिमीटर. त्याखालचं पकडायचं नाही, कारण त्याने अजून अंडी घातलेली नसतात. आता आपल्या थाळीत एक अख्खं पापलेट मावलं पाहिजे आणि भावही परवडला पाहिजे, ही आपली मागणी. तिच्यामुळे लहान पापलेटला बाजार मिळतो. आम्ही अख्खं लहान पापलेट मेनूवरून काढलं, मोठ्याच्या तुकड्या द्यायला लागलो. काही जुनी गिऱ्हाइकं नाराज झाली, अजूनही आहेत. माल घेणाऱ्या पोराच्या हातात आम्ही एक लाकडी पट्टी दिलीय, तिच्यावर खूण केलेली आहे. खुणेच्या आतला मासा आला तर परत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ आली की विचारायचं, कुठली? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जुलैत तिकडचा माल येऊ शकतो. त्याची बिलं असतील तर ठीक. नाहीतर दोन महिने मेनूवर सुकट, सोडे आणि गोड्या पाण्यातले मासे ठेवा. आमच्याकडे सोड्याची खिचडी पावसाळ्यातच सर्वात जास्त खपते.

तेल. इथे पर्यावरण आणि माणसाची तब्येत एकाच डब्यात असते. तळणीचं तेल किती वेळा वापरायचं यावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची मर्यादा आहे: टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, १ जुलै २०१८ पासून. तळणीला रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी वापरलेलं तेल कुणाला दिलं याची नोंद ठेवायची आणि ते अधिकृत एजन्सीलाच द्यायचं, हा नियम १ मार्च २०१९ पासून. तुमच्या सात शाखांत मिळून किती तेल लागतं ते पाहा, पण ५० च्या आत असलात तरी नोंद ठेवा. कारण मागच्या दाराने येणारा, रोख देणारा माणूस ते जेरीकॅन कुठे नेतो? बऱ्याचदा ते गाळून पुन्हा हातगाडीवरच्या कढईत येतं, आणि ते खाणारा आपल्याच किचनमध्ये भांडी घासणाऱ्याचा मुलगा असू शकतो. आमच्याकडे हे पैसे किचनच्या पोरांच्या खिशात जायचे, त्यामुळे नियम लावल्यावर त्यांचं नुकसान झालं. अधिकृत एजन्सीकडून येणारी रक्कम आता पोरांमध्येच वाटतो. ते केलं नसतं तर नियम आठवडाभरही टिकला नसता.

पाम तेलाबद्दल फॉर्ममध्ये प्रश्न असेलच. ते इंडोनेशिया-मलेशियातून येतं, जंगलतोडीचा प्रश्न खरा आहे. तुमच्या आकाराच्या कंपनीला डब्यामागचा मळा शोधता येणार नाही. तुम्ही आधी एवढंच शोधा की पाम तेल तुमच्याकडे येतं कुठून कुठून. तळणीच्या डब्यात दिसेल, पण मार्गारिनमध्ये, तयार फरसाणात, स्वस्त ‘पनीर’मध्ये, आइस्क्रीमच्या नावाने मिळणाऱ्या फ्रोझन डेझर्टमध्येही असतं. लेबलं काढून एका टेबलावर मांडा. आम्ही मांडली तेव्हा शेफही गप्प झाला.

साखरेच्या बाबतीत मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ऊसतोडीला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं दर हंगामात गाव सोडतात. मुकादम आधी उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि एक दिवस आजारपणात गेला तरी खाड्याचे पैसे कापले जातात. खाडा पडू नये म्हणून बायका काय काय सोसतात ते २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. पण कारखान्यातल्या पोत्यात हजारो शेतांचा ऊस एकत्र झालेला असतो. आपल्या चहातली साखर कुणी तोडलेल्या उसाची, हे तुम्ही सांगू शकत नाही, मीही नाही. फॉर्ममध्ये मी तसंच लिहिलं: माग काढता येत नाही. जिथे चालेल तिथे आम्ही गूळ आणला, कोल्हापूरकडच्या एकाच गुऱ्हाळातून. तिथे जाऊन तोडणीवाल्यांशी बोलता येतं, त्यांना मजुरी किती मिळते ते कळतं. तिथेही एक गोष्ट आपल्याच हातात होती. आम्हाला पिवळाधमक गूळ हवा असायचा आणि तो रंग आणायला हायड्रॉस नावाचं रसायन टाकतात. गुळव्या म्हणाला, “तुम्ही काळपट घेणार असाल तर मला टाकायची हौस नाही.” आता काळपटच घेतो.

पैसे कधी देता हे फॉर्म क्वचितच विचारतो, पण माझ्या मते सगळ्यात आधी तेच बघावं. आपण लसूणवाल्याला साठ दिवसांनी पैसे दिले तर तो बायकांना रोजच्या रोज कुठून देणार? नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याप्रमाणे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आता आयकरातही उशीर केलेल्या रकमेची वजावट पैसे देईपर्यंत मिळत नाही. पण शेतकरी आणि व्यापारी या संरक्षणात बसत नाहीत, म्हणजे सर्वात कमकुवत माणूसच बाहेर राहतो. आमचा नियम असा: शेतकऱ्याला सात दिवस, हाताने काम करवून घेणाऱ्या छोट्या सप्लायरला पंधरा, मोठ्या कंपन्यांना त्यांच्या अटीप्रमाणे. अकाउंट्सवाल्यांशी यावर सहा महिने भांडले. चेन्नई-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना वेळेवर आणि नारायणगावच्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात’, ही सवय मोडायला वेळ लागतो.

कचऱ्याचं थोडक्यात. रोज १०० किलोच्या वर कचरा होत असेल तर घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे तुम्ही मोठे कचरा-उत्पादक ठरता, ओल्या कचऱ्याची सोय तुम्हालाच करायची. पुठ्ठा, बाटल्या, डबे मात्र सरसकट कंत्राटदाराला देऊन टाकू नका. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ पासून आहे, त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई तुमच्याच गल्लीत येत असतील. सुका माल स्वच्छ करून त्यांना दिला तर त्यांच्या दिवसाची कमाई वाढते. हेही पुरवठा साखळीचंच टोक आहे, फक्त मागच्या दाराचं.

आता फॉर्म. सगळे रकाने ‘होय’ने भरू नका. मी तीन प्रकारे भरला: ‘स्वतः पाहिलं आहे’ आणि तारीख, ‘सप्लायरने सांगितलं आहे’, आणि ‘माहीत नाही, अमुक महिन्यापर्यंत बघू’. मालक घाबरले होते, कॅन्टीनचं काम जाईल म्हणून. काम गेलं नाही. त्या कंपनीच्या बाईंचा फोन आला, त्यांनी लसणाबद्दलच अर्धा तास विचारलं. तुमच्याकडे वेगळं होऊ शकतं, ते समोर कोण बसलंय यावर आहे. पण खोट्या ‘होय’खाली तुमची सही असते, सप्लायरची नाही, हे मालकांना नीट समजावून सांगा.

सगळ्या यादीवर एकदम हात घालू नका. तुमच्या खरेदीतल्या ज्या वस्तू आधीच सोललेल्या, चिरलेल्या, साफ केलेल्या येतात त्या पहिल्यांदा घ्या: लसूण, सोललेली कोळंबी, नारळाचा कीस, निवडलेली पालेभाजी. जिथे आपलं हाताचं काम आपण दुसऱ्याच्या घरात ढकललंय, तिथे तो हात कुणाचा ते बहुधा कुणालाच माहीत नसतं. त्यांच्या ऑर्डर किती वाजता जातात ते तुमच्याच फोनवर बघा. मग एखाद्या रविवारी पहाटे चारला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जा. शनिवारी सुट्टी असते म्हणून रविवारी आवक मोठी असते. शेफला बरोबर न्या. तुमच्या आडत्याच्या गाळ्यावर उभे राहा, आणि तुमच्या नावाचं कॅरेट कुठल्या गाडीतून उतरतंय ते बघून त्या ड्रायव्हरला गाव विचारा.